दोनशे रुपयांची शेळी

चर्चमध्ये संतोषावर उपदेश सुरू झाला की पूर्वी माझ्या कपाळावर आठी यायची. जे आहे त्यात समाधान मानावं, हे सांगायला पाळकांचं काय जातं? त्यांना राहायला बंगली, आणि आम्हाला पगारवाढीची वाट बघत बसायचं. मी धडगावला एका संस्थेच्या पोषणाच्या प्रकल्पात सुपरवायझर होते. पाडे फिरायचे, मुलांची वजनं घ्यायचे, आयांना समजावायचे. काम कंत्राटी होतं, पण पगार वेळेवर यायचा. आमचे हे धडगाव–मोलगी जीप चालवतात. नंदुरबारात एक प्लॉट घ्यायचा आणि त्यावर फरशीवालं घर बांधायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कोणाच्याही घरी गेले की माझं लक्ष आधी जमिनीकडे जायचं. शेणाची आहे, कोब्याची आहे, की फरशीची? हा माझा स्वभाव, लपवून काय करू.

आईचा मात्र मला खरंच राग यायचा. रनाळ्याच्या पुढे एका गावात ती दोन खोल्यांत एकटी राहते. वर पत्रे, कुडाच्या भिंती, पुढे अंगण, एक बाभळीचं झाड. मी म्हणायचे, भिंती पक्क्या करू, ती म्हणायची, कशाला? जेवायला बसली की मिठासाठीसुद्धा वेगळे आभार मानायची. घरी आणि शिवारात आम्ही अहिराणीत बोलतो, पण देवाशी पुस्तकी मराठीत. तिचं ते शुद्ध, हळूहळू चाललेलं ‘हे प्रभू, तू दिलेल्या मिठाबद्दल’ ऐकलं की मी ताटातली भाकरी मोडायला लागायचे. मीठ देवाने दिलं नव्हतं, मी दिलं होतं, धडगावच्या दुकानातून.

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी कापसाची पहिली वेचणी झाली की हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं, वाढलं, त्यातलं पहिलं तो देवाला आणतो. वेदीपुढे सतरंजी घालतात, आणि त्यावर ज्वारीची कणसं, मिरच्या, पपया, शेंगा, अंड्यांची वाटी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कधीमधी शेळी. प्रार्थना झाली की त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. लिलाव पुकारतात मंडळीचे एक पंच, एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नाही. ‘ही पपई सकायपाईन बठेल शे, पन एक जांभई नही दिधी इनी. बोला!’ असं म्हणून उपदेशात पेंगणाऱ्यांकडे बघतात. लोक हसतात, बोली वाढते, वीस रुपयांची पपई पाचशेला जाते. आपल्या खिशाची ऐट दाखवायला वर्षातून एवढा एकच धार्मिक दिवस मिळतो.

मी लहानपणापासून वसतिगृहात शिकले आणि नंतर धडगावला गेले, त्यामुळे या सणाला कित्येक वर्षं आले नव्हते. दोन वर्षांपूर्वी आले ती नवी साडी नेसून आणि पर्समध्ये नोटा घेऊन. सुरतेला साड्यांच्या मार्केटमध्ये काम करणारा माझा चुलतभाऊही आला होता. त्याने अंड्यांच्या वाटीला एक हजार दिले. टाळ्या वाजल्या. मी टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटलं, थांब, दाखवते.

त्या वर्षी एका घराने तरणी शेळी दिली होती. काळी, कानांवर पांढरे ठिपके. पंचांनी दोर हातात घेतला आणि बायकांच्या बाजूने लगेच आवाज आला, ‘दोनशे.’

ती फुई होती. आईच्या घरामागे राहते, नात्याने कोणाचीच नाही, पण अख्खं गाव तिला फुई, म्हणजे आत्या, म्हणतं. नवरा नाही, शेत नाही. कित्येक वर्षं ती नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जायची. मग दमा झाला, मिरचीची धूळ सोसेना, तेव्हापासून एक शेळी पाळून, पिल्लं विकून चालवायची. ती शेळी त्या पावसाळ्यात साप चावून मेली होती. हे सगळं मला आईने फोनवर सांगितलेलं होतं. मी ऐकलंही होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फुई नव्हती, चुलतभाऊ होता.

दोनशेनंतर कोणीच बोललं नाही. मला वाटलं, काय ही कंजूस माणसं! देवाच्या घरी धडधाकट शेळी आणि बोली दोनशे? मी हात वर केला. ‘तीन हजार.’

पंच माझ्याकडे बघून म्हणाले, ‘दोनशे. दोनशे एक वार.’ मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी उभी राहून मोठ्याने म्हणाले, ‘तीन हजार!’ ते जरा थांबले. पुन्हा विचारलं, ‘ताई, तीन हजार?’ मी म्हटलं, हो. मग त्यांनी एक वार, दोन वार, तीन वार इतक्या सावकाश म्हटलं की मला त्यांचा राग आला. टाळी एकही वाजली नाही. चुलतभाऊ मान खाली घालून बसला होता. मी समजले, जळला. फुई उठून पाणी प्यायला बाहेर गेली, ती परत आली नाही. नंतर प्रीतिभोजनाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, तेही मी गर्दीच्या खात्यात घातलं.

घरी आल्यावर आईने शेळी बाभळीला बांधली, तिच्यापुढे पाला टाकला आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

‘फुई बोलनी म्हंजे मंग कोणी बोलत नही. तुले इतलं बी माहित नही?’

मला खरंच माहीत नव्हतं. कुठे लिहिलेलं नाही, पाळक सांगत नाहीत. ज्याला खरी गरज आहे त्याने बोली लावली की बाकी सगळे गप्प बसतात. त्याला वस्तू मिळते, आणि देवाला दिल्याचा मानही राहतो. तो मान ठेवायचा म्हणूनच ही रीत कोणी बोलून दाखवत नाही. बोललं की मान गेला.

‘तुन्हा बाप गया त्या साल माले बी अशीच कोंबडी भेटनी व्हती,’ आई म्हणाली. ‘धा रुप्यामा. तुन्ह्या वह्या तिनाच अंडासवर उन्यात.’

वसतिगृहात दर महिन्याला वह्या-पेन्सिलींचं पुडकं यायचं. ते कुठून येतं, असा प्रश्न मला त्या वयात पडला नाही आणि नंतरही पडला नाही. मला इतकी लाज वाटली की मी उठले, शेळी सोडली आणि तशीच फुईच्या दारात गेले. ती अंगण झाडत होती. मी दोर पुढे केला आणि म्हटलं, फुई, ही तू ठेव, चुकलं माझं.

तिने झाडू थांबवला नाही. ‘दोनशे मी देवले देणार व्हतू. फुकट कोण मांगस? बकरी माले देवपाईन लेनी व्हती, तुन्हापाईन नही.’

तिने दोराला हात लावला नाही. मी अंगणाच्या कडेला उभी, शेळी तिच्या तुळशीला तोंड लावायला बघतेय, आणि ती माझ्या पायांभोवती झाडतेय. आमच्याकडे ख्रिस्ती घरांतही खोकल्यासाठी तुळस असते. शेवटी शेळीला ओढत परत आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई म्हणाली, आता पुढच्या हंगामापर्यंत थांब. देवाकडून आलेली देवाकडेच जाऊ दे, मग ती घेईल.

शेळी आईकडे राहिली. फुई पुन्हा पथारीवर जायला लागली. तोंडाला ओढणी बांधून, सकाळच्या गाडीने. मी दोनदा आईच्या हाती पैसे पाठवले, दोन्ही वेळा तेच पैसे तशाच घडीत परत आले. मकर संक्रांतीच्या सुमाराला गावी गेले तेव्हा भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकला. थांबायचा, आणि संपला असं वाटलं की पुन्हा सुरू व्हायचा. माझे तीन हजार मंडळीच्या नव्या पंख्यांना लागले होते. त्या पंख्यांखाली बसायला मला नको वाटायचं.

त्या उन्हाळ्यात आमचा प्रकल्प संपला. निधी आला नाही, एवढंच सांगितलं. सगळ्यांची कामं एका पत्रात गेली. मी देवाशी तीन महिने नीट बोलले नाही. प्रार्थनेला बसायचे, पण यादी वाचल्यासारखी म्हणून उठायचे. प्लॉटचा विषय आमच्या ह्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. जीपच्या उत्पन्नात दोघांचं भागत होतं. उपाशी नव्हतो, हे मला मान्य आहे. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोबाइलवर पगाराचा मेसेज येत नाही, तेव्हा माणूस आरशातसुद्धा जरा लहान दिसतो. मी कोणाला सांगितलं नाही. दिवाळीनंतर कापूस वेचायला मदत म्हणून आईकडे राहायला आले आणि गावात विचारलं त्याला सांगितलं, रजेवर आहे. आईलाही तेच सांगितलं. तिने ‘बरं’ म्हटलं आणि माझ्या ताटात जास्तीचं वरण वाढलं.

शेळी तोवर व्याली होती. एकच पिल्लू, मादी, आईसारखेच कानांवर ठिपके. सणाच्या दिवशी मी दोघींना घेऊन चर्चला गेले आणि सतरंजीच्या कडेला बांधलं. पर्समध्ये शेवटच्या पगारातले पंधराशे रुपये ठेवले होते. कशावर तरी बोली लावायची होती. एका वर्षी मोठ्याने बोललेली बाई दुसऱ्या वर्षी गप्प बसली तर लोक कारण विचारतात, आणि मला कारण द्यायचं नव्हतं.

पंचांनी दोर हातात घेतला. ‘बकरी, संगे पिलू.’

फुई या वेळी भिंतीला टेकून बसली होती. वर्षात खूपच वाळली होती. तिने लगेच तोंड उघडलं नाही, आणि मला भीती वाटली की ती बोलणारच नाही, माझ्या हातची शेळी तिला देवाकडूनही नको असेल. माझा उजवा हात मी मांडीखाली दाबून ठेवला होता. कशासाठी, माहीत नाही, तो काही आपोआप वर जाणार नव्हता.

‘दोनशे,’ फुई म्हणाली.

पंचांनी एक वार, दोन वार, तीन वार एका श्वासात म्हटलं. बायका हसल्या. मला रडू आलं आणि मी पदराने डोळे पुसले. फुई पुढे गेली, नोटा ताटात ठेवल्या, शेळी सोडली. मग खाली वाकून पिल्लाचा दोर वेगळा केला आणि तो पंचांच्या हातात दिला.

‘इले परत अर्पण धरा. मन्हा घर एकच पुरस.’

घेतलेलं परत देवाला देता येतं, तशी रीत आहे. पंचांनी मान हलवली आणि पिल्लू उचलून वर धरलं. आता माझी संधी होती. चुलतभाऊ समोरच बसला होता, कडक इस्त्रीच्या शर्टात. मी शंभर म्हणेन, तो पाचशे म्हणेल, मी हजार, आणि तो पंधराशे म्हणाला की सोडून देईन. मान राहील, कोणाला कळणार नाही.

‘शंभर,’ मी म्हणाले.

चुलतभाऊ वरच्या पंख्याकडे बघत होता. मी वाट पाहिली. आईने पदर नीट केला. मागे कोणीतरी खोकलं आणि तेही थांबलं. मी घाईने म्हटलं, ‘दीडशे.’

‘आपलीच बोलीवर आपण नही, ताई,’ पंच हळू आवाजात म्हणाले. ‘शंभर. एक वार.’

ही शांतता मी ओळखत होते. मागच्या वर्षी मी तिलाच कंजूसपणा म्हटलं होतं. धडगावहून जीप येते तशी बातमीही येते, दोन्ही भरून. गावाला माहीत होतं. आईला माहीत होतं. माझी रजा महिनाभर सगळ्यांनी जपली होती आणि एकानेही माझ्यासमोर कीव केली नव्हती.

‘दोन वार.’

परत अर्पण म्हणायला तोंड उघडलं होतं. रीत होती, मान राहिला असता. पण शब्द काही बाहेर आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की जे मिळतंय ते घ्यावं.

‘तीन वार.’

मी पुढे गेले आणि शंभराची नोट ताटात ठेवली. पिल्लाचा दोर फुईने पंचांच्या हातून घेतला होता. आईपासून तुटल्याने ते ओरडत होतं.

‘रजा शे ना तुले?’ फुई म्हणाली. ‘मंग रोज लई येत जाय. अजून दूध पेस ती.’

‘रजा नही, फुई,’ मी म्हणाले. ‘काम सुटनं मन्हं.’

‘माले माहित शे,’ ती म्हणाली. ‘दोर धर.’