रुपयाला आणा

आमची जमीन कारखान्यासाठी गेली, तेव्हा मोजणीला आलेल्या साहेबाने झाडं वेगळी धरली. फळाला आलेल्या आंब्याला भाव मिळाला, बाकीची झाडं सरपणाच्या भावात गेली. वडिलांनी त्या दिवसातलं एवढंच ध्यानात ठेवलं. ते रडले नाहीत, भांडले नाहीत. कुणी जमिनीचं विचारलं तर नुसतं "गेली" म्हणायचे, शेजारीण बाजाराला गेली म्हणावं तसं.

भरपाईतून गावाच्या कडेला नवी जागा घेतली. घर बांधणारा गवंडी जुना जाणता होता. तो म्हणाला, "भाऊ, घराला रुपया लावला तर झाडाझुडपाला आणा. उद्या इकायची येळ आली तर गिऱ्हाईक भिंतीचे पैसे देतंय, झाडांचे न्हाई."

"गिऱ्हाईक कशाला येतंय?" वडील म्हणाले. "कारखाना वाढला की साहेब येनार हाय. त्यो झाडांचे देतो."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वडिलांनी तर ताक फुंकण्यापायी घरच विकायला काढल्यागत केलं. नदीकाठची माती गाड्या भरभरून आली. खड्डे, शेणखत, तारेचं कुंपण, पुण्याहून आणलेली कलमं. रुपयातले आठ आणे तिथेच गेले. मागच्या खोलीला गिलावा झाला नाही आणि चुलीवर छप्परही आलं नाही. कलमांना मात्र ऊन लागू नये म्हणून वडिलांनी पाचटाचे आडोसे बांधले.

"कलमं सावलीत आन मी उन्हात," आई म्हणायची. तेही पहिल्या उन्हाळ्यातच. पुढे ती बोलायची थांबली. मी विहिरीवरून पाणी आणून कलमांना घालायचे. सुरुवातीला मला फार राग यायचा. नंतर तोही येईना, हात आपले चालत राहायचे.

आईचं मागणं तसं एकच होतं, भिंतीला एक खुंटी. वडिलांचे कपडे ट्रंकेत असत आणि पागोटं ट्रंकेवर. "खुंटी कशाला? उठायचंच हाय," ते म्हणत. या घरात ते राहायला आलेच नव्हते, नोटिशीची वाट बघत बसले होते. आम्हीही मग त्यांच्यासोबत बसलो.

चौथ्या उन्हाळ्यात आंबे धरले. वडिलांनी बजावलं, "हात लावायचा न्हाई. साहेब आला तर झाडावर दिसाय पायजेत." आंबे पिकले, काही पोपटांनी फोडले, काही पडून मुंग्यांना गेले. आम्ही बघत राहिलो. तोंडाला पाणीसुद्धा सुटत नव्हतं.

साहेब आला नाही. कारखान्याचं कुंपण ओढ्याच्या पलीकडेच थांबलं होतं, सगळ्या गावाला ते दिसत होतं.

एके दुपारी आई उठली, शेवटचा राहिलेला आंबा काढून तिने विळीवर चिरला आणि ताटली वडिलांपुढे सरकवली. "कुनी येत न्हाई आता. खावा."

मला वाटलं, ताटली भिरकावतील. त्यांनी एक फोड उचलली. सावकाश खाल्ली, साल दातांनी ओढून साफ केली. मग ताटलीतली कोय उचलून चोखली. त्यांचे डोळे भरले होते. जमीन गेली त्या दिवशीही ते मी पाहिलं नव्हतं.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. मग ट्रंकेवरचं पागोटं उचलून त्यांनी आईला विचारलं, "खुंटी कुठं ठोकायची म्हनत व्हतीस?"