दोनशे पुरणपोळ्या आणि माझी हंगेरियन पद्धत

बीएमएसच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला एकाच विषयात केटी होती, म्हणजे नापास झालेला तो विषय पुन्हा द्यायचा होता. विषयाचं नाव एका श्वासात म्हणून होत नसे: क्वांटिटेटिव्ह मेथड्स फॉर बिझनेस डिसिजन्स. म्हणजे धंद्यातले निर्णय गणिताने घ्यायचे. मी आयुष्यातले निर्णय तोपर्यंत आईला विचारून घेत आलेलो, त्यामुळे पहिल्या फेरीत मी का आपटलो हे सांगायला नको.

दुसऱ्या फेरीला ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात मॅडमनी प्रोजेक्ट दिला. पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही, खरा धंदा शोधा आणि त्याला एक पद्धत लावून दाखवा. वर्गातल्या पोरांनी काकांची फॅक्टरी, मामाची ट्रान्सपोर्ट कंपनी असलं काय काय शोधून काढलं. माझ्याकडे होती डोंबिवली पूर्वेची मावशी आणि तिचं पोळी-भाजी केंद्र.

केंद्र म्हणजे तळमजल्यावरचा एक गाळा. मावशी धरून चार बायका. मामी, काकू आणि ताई ही नावं केंद्रातली, नात्यातली नव्हेत. मामी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका गावातून यायच्या. जुनं आगरी घर, शेती कधीच बिल्डरकडे गेलेली, घरात सुबत्ता. कामाची गरज अशी नव्हतीच, पण हात स्वस्थ बसत नसत. काकू टायपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या, सगळं सावकाश आणि नीटनेटकं. ताई नवी, तिशीची, विजेसारखी.

मी आठवडाभर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून त्यांच्या मागे उभा राहिलो. कोण किती वेळात कणीक मळतं, कोण किती वेळात वाटतं, लाटतं, भाजतं.

"अरे, बाजूला हो ना, तव्यावर पडशील," काकू म्हणायच्या.

"काय रं, आम्ही काय पळायच्या शर्यतीला आलोय काय?" मामी म्हणायच्या आणि मुद्दाम आणखी भराभर लाटायच्या.

मग चार बायका, चार कामं असा तक्ता मांडला आणि हंगेरियन पद्धत लावली. ही पद्धत कुणाला कुठलं काम दिलं तर एकूण वेळ सगळ्यांत कमी लागेल ते सांगते. ओळीतून सर्वांत लहान आकडा वजा करायचा, उभ्या रांगेतून करायचा, शून्यं गोळा करायची. उत्तर आलं तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी ते लॅमिनेट करून आणलं.

उत्तर असं होतं: मामी चारही कामांत पहिल्या. पण दहा पोळ्या लाटायला त्यांना आठ मिनिटं आणि ताईला नऊ, म्हणजे फरक एका मिनिटाचा. वाटायला मात्र मामींना दहा आणि ताईला पंचवीस. तेव्हा मामींनी वाटावं, ताईने लाटावं, काकूंनी भाजावं, मावशीने मळावं.

आणि हे लागू करायचा मुहूर्त मी निवडला होळीचा.

होळीला मावशीकडे दोनशे पुरणपोळ्यांची ऑर्डर होती. संध्याकाळी होळी पेटायच्या आत घरोघरी नैवेद्याला पोळी पोचायला हवी. आदल्या वर्षी उशीर झालेला, दोन घरांचा नैवेद्य साखर-भातावर निभावला होता, आणि त्यातली एक बाई वर्षभर मावशीला जिन्यात बघून मान फिरवत होती. मावशी म्हणाली, "या वेळी शब्द मोडला ना, तर या कॉलनीत मला कोणी विचारणार नाही. तू मॅनेजमेंट शिकतोयस, तर कर काहीतरी."

मी केलं. तक्ता फ्रिजवर चिकटवला.

सकाळी सातला मामी आल्या. तक्ता वाचला आणि पुरणयंत्राला जाऊन बसल्या. नऊपर्यंत सगळं पुरण काढून झालं, अगदी लोण्यासारखं. मी घड्याळ बघून मनातल्या मनात मॅडमना सलाम ठोकला.

मग ताई लाटायला लागली. पहिली पोळी फुटली. दुसरी फुटली. तिसरी पोळपाटावरून उचलताना तिचे दोन तुकडे झाले आणि पुरण तव्यावर पडून जळलं. गुळाचा धूर गाळाभर झाला. काकू खोकत खोकत कालथ्याने तवा खरवडत होत्या.

आता सांगतो, चूक काय होती. मी आकडे घेतले होते ते रोजच्या पोळ्यांचे. पोळी ती पोळी, असा माझा हिशेब. जन्मभर दोन्ही खाऊनही साधी पोळी लाटणं आणि पोटात पुरण भरलेली पोळी लाटणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि पुरण वाटायचा आकडा? तो मी मिरचीच्या ठेच्यावरून काढला होता.

मावशी म्हणाली, "मामी, तुम्हीच या बाई लाटायला."

मामी उठल्यासुद्धा. आणि इथे मी, जो उभ्या आयुष्यात तिथपर्यंत एकदाही पोळपाटाला शिवला नव्हता, तो मध्ये पडलो. "नको नको मावशी, थांब. बसायला वेळ लागतो सिस्टिमला. ताईचा स्पीड बघ ना."

स्पीड होताच. मिनिटाला एक पोळी फुटत होती.

मामींनी पदर सोडवला, हात धुतले, चपला घातल्या. "सगळा कागदाचा कारभार हाय ना? मंग कागदालाच लाटायला सांगा. माझ्या घरी बी होळी हाय." आणि गेल्या.

दहा वाजले होते. धड पोळ्या झाल्या होत्या अकरा. ताईच्या डोळ्यांत पाणी आलेलं. ते धुराने आलं असं मी स्वतःला समजावलं.

मावशीने तक्ता फ्रिजवरून काढला, माझ्या हातात दिला आणि इतकंच म्हणाली, "त्यांना घेऊन ये. त्या आल्या नाहीत तर मी आत्ताच सगळ्यांना फोन करून नाही म्हणून सांगते."

मावशीच्या स्कूटरवरून मी शीळ रस्त्याला लागलो. मेट्रोच्या कामाला लावलेल्या पत्र्यांमधून वाट काढत काढत माफीची तीन भाषणं तयार केली, त्यातलं एक चक्क आकडेवारीसह होतं. मामी अंगणात पोळपाट घेऊन बसलेल्या, घरच्या पोळ्या लाटत. पोळी अशी पातळ की खालच्या पोळपाटाची रेघ दिसावी. मला बघून हात थांबला नाही.

"कागद आणलास काय?"

खिशात होता. का आणलेला, देव जाणे.

"वाच."

मी उभ्या उभ्या वाचला. मामी आठ, ताई नऊ. मामी दहा, ताई पंचवीस. मळण्यातही मामी पहिल्या, भाजण्यातही मामी पहिल्या.

"म्हंजे सगळ्यात मी पुढं?"

"हो मामी. सगळ्यात."

"म्हणून मला मागं बसवली?"

एका वर्षात दोन प्राध्यापकांना जे मला समजावता आलं नव्हतं ते त्या क्षणी लख्ख समजलं. पद्धतीत नेमकं असंच होतं. मी अंगणात उकिडवा बसून त्यांना सांगायला लागलो, की मामी, तुम्ही वाटण सोडलंत तर जास्त खोळंबा होतो आणि लाटणं सोडलंत तर कमी, निदान साध्या पोळीत तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे पुरण वाटायचं यंत्र कोण फिरवतं? कोणी बी फिरवंल. तू सुद्धा. लाटणं माझ्या आयशीने शिकवलंय मला. ते तू ठेच्याच्या भावात दुसरीला दिलंस."

तिन्ही भाषणं मी तिथेच सोडून दिली. मी म्हणालो, "चुकलो मामी. मला यातलं काही कळत नाही. मावशीचं तोंड माझ्यामुळे काळं व्हायला नको."

त्यांनी हातातली पोळी पुरी केली, भाजली, तूप लावून मला दिली. मी ती उभ्यानेच खाल्ली. मग त्या आत गेल्या आणि स्वतःचं लाटणं पंच्यात गुंडाळून घेऊन आल्या.

स्कूटरवर मागे बसल्यावर त्यांनी विचारलं, "या गणितात तुला किती मार्क मिळाले रं?"

"मागच्या वेळी नापास झालो मामी."

मानपाड्यापर्यंत त्या हसत होत्या. स्कूटर हलत होती.

गाळ्यात शिरल्यावर त्यांनी कामं वाटली, तक्ता न मांडता. स्वतः लाटायला. काकू भाजायला, कारण पुरणपोळीला घाई चालत नाही आणि काकूंना ती येतच नाही. ताईला शेजारी बसवून उंडे भरायला शिकवलं. "रडू नको गं, तुझा हात चांगला हाय. त्याला घड्याळ लावलं, त्याने बिघडला." मावशी कणकेवर. मला एक वर्तमानपत्र देऊन पोळ्यांना वारा घालायला उभं केलं. पोळी गरम डब्यात गेली तर चिकटते, हेही मला तेव्हाच कळलं. मी चार तास वारा घातला. दुसऱ्या दिवशी खांदा उचलेना.

शेवटचा डबा गेला तेव्हा नाक्यावर गोवऱ्या रचून झाल्या होत्या, पण पेटल्या नव्हत्या. ती मान फिरवणारी बाई स्वतः येऊन पाच पोळ्या घेऊन गेली. मावशीकडे बघून हसली नाही, पण "बरं झालं वेळेत दिल्यात," म्हणाली. मावशी भिंतीला टेकून खाली बसली.

मामी लाटणं पुसून पंच्यात बांधत होत्या. धुळवडीला केंद्र बंद. परवापासून त्या येणार की नाही, हे विचारायची हिंमत मावशीला होत नव्हती, म्हणून तिने डोळ्यांनी मला ढकललं.

"मामी, परवा याल ना?"

"तू येणार हाय का?"

"नाही, मला कॉलेज आहे."

"मंग येते," मामी म्हणाल्या.