गोड्या पाण्यातलं हिप्निया

वसुंधराबाईंना स्वच्छतेचं भारी वेड. बडोद्याच्या पाणीगेट भागातल्या त्यांच्या घरात मेथीची जुडीसुद्धा तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय विळीवर जायची नाही. नवरा गेल्यावर, १९९५ साली, त्या तिथल्याच एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात हंगामी मदतनीस म्हणून लागल्या. आता वर्ष संपत आलं होतं. त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे विभागप्रमुख निरुपमा मॅडमच्या शिफारसपत्रावर ठरणार होतं.

त्यातच ओख्याच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलेली विभागाची सहल परतली. मुलांनी नमुन्यांसाठी बादलीभर समुद्री शेवाळ आणलं. त्यातलं हिप्निया नावाचं लाल शेवाळ जगभरच्या उबदार किनाऱ्यांवर उगवतं, पण बाईंनी समुद्रच पाहिला नव्हता. मॅडम मीटिंगला जाता जाता म्हणाल्या, लाल शेवाळाची वाळू काढून ठेवा. बाईंनी पदर खोचला, दोनदा नळाखाली धुतलं आणि तिसऱ्या पाण्यात भिजत घातलं. तासाभरानं पाणी गुलाबी झालेलं पाहून त्या खूशच झाल्या, केवढा मळ निघाला म्हणून. मग शेवाळ उचललं, तर ते पांढरंफटक. समुद्रात वाढलेल्या जिवाला गोडं पाणी सोसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

शेजारच्या प्रयोगशाळेतले जगदेवराव म्हणाले, प्रवासात सडलं असं सांगून मोकळ्या व्हा. सल्ला सोयीचा होता, बाईंना मोहही झाला. एवढ्यात मॅडम आल्या.

“मॅडम, रंग मी घालवला. नळाच्या पाण्यात भिजवलं.”

मॅडमचा चेहरा उतरला. मुलांची चार दिवसांची मेहनत होती, राग येणारच. पण त्यांनी बादलीत हात घातला. तळाशी एका तपकिरी शेवाळाला आकड्यासारखी टोकं अडकवून हिप्नियाचा एक झुबका चिकटून बसला होता, न धुतलेला.

नमुना कागदावर चढवून वाळवायचा होता, म्हणून मॅडमनी ताटातल्या पाण्यात मीठ कालवायला सांगितलं. ताटात झुबका तरंगला, बाईंनी खालून कागद सरकवला आणि रांगोळीच्या सवयीच्या बोटांनी एकेक फांदी पसरली. वर मलमल, मग वर्तमानपत्रं, मग वजन. चार दिवसांनी कागदावर लालसर नमुना आपल्याच चिकानं पक्का बसला होता. बाईंना रडू आवरेना.

शिफारसपत्र इंग्रजीत होतं. मॅडमनी तोंडी सांगितलं, “तुमची चूक लिहिलीय मी त्यात. प्रवासात सडलं असं तुम्ही म्हणाल्या असत्या, तर मी बादली न बघता ओतून दिली असती. म्हणून तुम्हीच कायम हव्यात, असंही लिहिलंय.”