आजी जशी बोलली तशी

नरडाण्याजवळच्या शाळेत नववीला मराठी शिकवताना मी एक खूळ काढलं. धड्याखालचे प्रश्न बंद. कथा वाचायची आणि तिची बातमी लिहायची. नियम दोनच: मथळा दणदणीत हवा, आणि कुणाचं बोलणं दिलं तर ते जसंच्या तसं द्यायचं.

पोरं खूश. त्या आठवड्याच्या कथेत रस्ता रुंद करताना एका आजीच्या दारातला निंब तोडतात. एकाने लिहिलं, ‘निंबाचे दुःखद निधन. पश्चात एक आजी व दोन शेळ्या असा परिवार आहे. परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’ मी पोट धरून हसलो. बातमी म्हटली की हळहळ हवीच, हे त्याने घरी येणाऱ्या पेपरातून बरोबर उचललं होतं.

मला काळजी होती ती तिसऱ्या बाकावरच्या मुलीची. जूनमध्ये ती घरच्या बोलीत ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणाली, वर्ग खिदळला, आणि तिने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. वाचायला उठवलं की मान खाली. वही मात्र सुरेख. तिच्या बातमीत आजी म्हणत होती, ‘हाई झाड मना पोऱ्या शे. बठ्ठा गावले सावली देस.’ मी लाल पेन चालवलं: ‘हे झाड माझा मुलगा आहे. साऱ्या गावाला सावली देते.’ वर ‘छान’ असा शेराही दिला. मी बोदवडचा, बी.एड.ला असताना स्वतःची बोली अशीच खरवडून काढलेली, त्यामुळे हात सराईत होता.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून उठली. वही पुढे धरून म्हणाली,

“सर, तुमीनच सांगेल शे ना, कोनं बी बोलनं बदलानं नही?”

माझे कान तापले. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग लाज वाटली, आणि ती जास्त टिकली. खडू घेऊन फळ्यावर लिहिलं: ‘खुलासा: कालच्या बातमीत संपादकाने आजीच्या तोंडी भलतेच वाक्य घातले. त्याबद्दल दिलगीर आहोत.’

पोरांनी टाळ्या पिटल्या. मग तिने बातमी वाचली, ‘शे’सकट. जूनमध्ये सगळ्यात आधी हसलेला मुलगा बाकावरून पुढे वाकून म्हणाला, “आजी आखो काय बोलनी?”

वहीत आणखी काहीच नव्हतं. तिने वही मिटली आणि ती सांगू लागली.