तिसऱ्या कडव्याला चार वाजतात

आमच्या रॉक बँडच्या संगीताचे दोन कालखंड पडतात : स्टॅबिलायझरच्या आधीचा आणि नंतरचा. मी कारकून आहे, विभागणी केल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

बँडमध्ये आम्ही तिघं. मी गिटार वाजवायचो आणि गायचो. बेस वाजवणारा आखाडा बाळापूरच्या पुजाऱ्याचा मुलगा. दुपारचा नैवेद्य झाल्याशिवाय तो घरातून निघत नसे. ड्रमर कुरुंद्याचा. त्याच्या वडिलांची हळद पॉलिश करायची शेड होती आणि दर रविवारी आमची तालीम तिथंच चाले. शेड निवडण्यामागं कलेचं काही कारण नव्हतं. वाळलेली हळद लोखंडी पॉलिशरमध्ये फिरायला लागली की असा धडधडाट होतो, की त्यात आमचा आवाज कोणाला ऐकू जात नसे. गावातून आमच्याबद्दल एकही तक्रार आली नाही. आम्हाला वाटायचं, लोकांना आवडतंय.

काही महिन्यांत ड्रमर पॉलिशरच्या ठेक्यावर वाजवायला लागला आणि आम्ही ड्रमरच्या. आता, चार वाजता शेतीची लाईन यायची. शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, व्होल्टेज बसायचं आणि पॉलिशर मंदावायचा. एका रविवारी आमच्या पहिल्यावहिल्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यावर नेमके चार वाजले. पॉलिशर मंदावला, ड्रमर मंदावला, त्याच्यामागं आम्हीही. ऐकायला इतकं छान वाटलं, की आम्ही ते कायम केलं. पुढं प्रत्येक गाण्याला तीन कडवी ठेवली आणि प्रत्येक तिसऱ्या कडव्यात हळू झालो. रॉक असंच असतं, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

वारंगा फाट्यावर एका धाब्याच्या उद्घाटनाला वाजवलं. मालक म्हणाला, "वाजवता बराबर, पण आखरीला आखरीला झोप येऊन राहिली का तुमाला?" आम्ही ते कौतुकात धरलं.

मग गाणी रेकॉर्ड करायला पुण्याला गेलो. तिथं कानाला हेडफोन लावून त्यातल्या टिकटिकीवर वाजवायचं असतं. दोन कडवी नीट जायची. तिसऱ्यात ड्रमर मंदावायचा आणि टिकटिक आपली पुढं निघून जायची. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. रेकॉर्डिंग करणारा माणूस सभ्य होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की ड्रम आपण मशीनवरून टाकू, सोपं पडेल. मी बरं म्हणालो. ड्रमरला विचारलंसुद्धा नाही. दोन दिवस तो बाहेर जिन्यात बसून होता. जेवायच्या वेळी आमच्यासाठी वडापाव तोच घेऊन आला, माझ्यात मिरची जास्त घालायची हेही विसरला नाही.

गाणी नेटवर टाकली. कोणीतरी खाली 'सफाईदार' असं लिहिलं. मला आनंद झाला. हे आता सांगायला लाज वाटते, पण झाला होता.

त्यानंतर दर रविवारी ड्रमरचं एकच उत्तर, "शेडवर काम हाय." मग मी आणि बेसवाला माझ्या घरी मशीन लावून वाजवू लागलो. तिसरं कडवं आलं की आम्ही दोघं मुकाट्यानं मंदावायचो. मशीन थांबायचं नाही. त्याला कुरुंद्याचं काही माहीत नव्हतं.

एकदा बाळापूरच्या बाजारात ड्रमरचे वडील भेटले. म्हणाले, "सीझन कवाच संपला. शेडात हळदीचं बोटूक न्हाई, तरी आमचं पोरगं रिकामा पॉलिशर फिरवून राहिलं. वरून मोटारीला स्टॅबिलायझर बसवला. काहून, ते तुमीच इचारा त्याला."

विचारायची गरज नव्हती. मला बाजारात उभ्या उभ्या सगळं कळलं : चारला व्होल्टेज बसलं तरी पॉलिशर मंदावू नये, म्हणून तो स्टॅबिलायझर होता.

रविवारी आम्ही दोघं न सांगता शेडवर गेलो. ड्रमरनं आमच्याकडं बघितलं, पॉलिशर सुरू केला आणि ड्रमसेटवर जाऊन बसला. आम्ही पहिलंच गाणं घेतलं. दोन कडवी झाली. तिसऱ्याला आम्ही सवयीनं मंदावलो. तो मंदावला नाही. सुतात वाजवत राहिला, पुण्याच्या टिकटिकीसारखा. आमचं गाणं फाटलं आणि आम्ही थांबलो.

घामाघूम होऊन त्यानं विचारलं, "काहून थांबले रे? मी तं बराबर होतो."

"व्हय, बराबर होतास," मी म्हणालो. "पुण्यात बी बराबरच होतास. माझं चुकलं."

त्यानं फडक्यानं तोंड पुसलं, मग काड्या पुसल्या. त्या पुसायची काही गरज नव्हती. बेसवाला उगाच तार पिळत बसला. मला वाटलं, आता हा आम्हाला घरी जा म्हणेल, आणि म्हणाला असता तर ते योग्यच झालं असतं.

तो उठला, भिंतीपाशी गेला आणि स्टॅबिलायझरचा खटका पाडून मोटार सरळ लाईनवर घेतली.

"चार वाजून राहिले," तो म्हणाला. "तिसऱ्यापासून घेऊ."