शेऱ्याचा रकाना

भीमराज भिंगारदिवे पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होता आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या टेबलावरून एकही कागद शेऱ्याशिवाय पुढे गेला नव्हता. शेरा म्हणजे रजिस्टरच्या अगदी उजवीकडच्या रकान्यात लिहायचं अर्ध्या ओळीचं मत. ‘पाहिले.’ ‘खुलासा मागवावा.’ ‘खर्च टाळता आला असता.’ एरवी माणूस चेहऱ्यानं गरीब आणि आवाजानं त्याहून गरीब, रिक्षावाल्यानं दोन रुपये जास्त मागितले तर निमूट देणारा. पण त्या रकान्यात पेन टेकलं की त्याच्या अंगात साहेब संचारायचा.

अठ्ठ्याण्णव साली कचेरीत फर्मान निघालं की लिपिकांनी कॉम्प्युटर शिकून घ्यावा. बाकीच्यांनी ते वाचलं आणि चहा मागवला. भीमराजनं मात्र सावेडीत घराजवळच्या क्लासात नऊशे रुपये भरले. क्लास एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये होता. दोन कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर आणि शिकवायला सायली नावाची बावीस वर्षांची मुलगी. ती लग्नपत्रिका छापत असल्यामुळे तिच्याकडे मराठी अक्षरंही होती.

“काका, बटणं इतकी बडवू नका, हा टाइपरायटर नाहीये,” ती म्हणायची. मग एकदा म्हणाली, “सरावाला काहीतरी खरं घ्या. घरखर्च घ्या ना.”

पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांचे रकाने उमटले आणि भीमराज हरखला. असले रकाने तो जन्मभर पट्टीनं आखत आला होता. इथे ते आयते होते, वर बेरीजही आपोआप होत होती. किराणा, भाजी, दूध, गॅस, लाइटबिल, मुलाची म्हणजे महेंद्रची शिकवणी असं सगळं त्यानं भरलं. फ्रिज घ्यायचा होता, नऊ हजारांचा. महिन्याला चारशे वाचले तर दोन वर्षांत घरात थंड पाणी, असा त्याचा हिशेब होता. ते चारशे कुठे गळतात एवढंच शोधायचं होतं.

सायलीनं एक बटण दाबलं आणि खर्चाचं गोल वर्तुळ काढून त्याच्या फोडी करून दाखवल्या. सगळ्यात मोठी फोड किराण्याची, ते ठीक. दुसरी मोठी फोड पाहुण्यांची निघाली.

यात नवल काही नव्हतं. शेवगावच्या पुढे सहा मैलांवर त्याचं गाव. गावाचं कोर्ट नगरला, मोठा दवाखाना नगरला, कलेक्टर कचेरी नगरला, आणि भीमराजचं घरही नगरलाच. सकाळच्या एसटीनं कोणी ना कोणी उतरायचं, “जयभीम, यशोधराबाई” म्हणत चप्पल काढायचं आणि कॉटवर टेकायचं. यशोधरा, म्हणजे भीमराजची बायको, भांडं भरून चहा ठेवायची. तिला माणसं आवडायची. हा रोग औषधापलीकडचा आहे असं भीमराजचं मत होतं, पण ते त्यानं तिला कधी ऐकवलं नव्हतं.

आता ते ऐकवायला कॉम्प्युटर होता. भीमराजनं पाहुण्यांचा वेगळा तक्ता केला. नाव, कामाचं स्वरूप, मुक्काम, चहा दर सव्वा रुपया, जेवण दर आठ रुपये, रिक्षा, किरकोळ. आणि हात सवयीनं उजवीकडे गेला. शेवटी त्यानं शेऱ्याचा रकाना घातलाच.

काकासाहेब, मावसभाऊ, जमिनीच्या दाव्याची तारीख. शेरा : ‘वकील बदलावा.’ गोजरबाई, चुलत आत्या, गुडघेदुखी. शेरा : ‘साखर जास्त घेतात.’ अशी नऊ नावं झाली. दहावं नाव थोरल्या भावाचं होतं. सहादू, मोतीबिंदूचं ऑपरेशन, उजवा डोळा. मुक्काम अकरा दिवस. चहा तेहेतीस, जेवणं बावीस, अंडी एक डझन, केळी, विडी, रिक्षाच्या सहा फेऱ्या. एकूण तीनशे तेवीस रुपये पंचवीस पैसे. दररोजची सरासरी एकोणतीस रुपये एकोणचाळीस पैसे, हे कॉम्प्युटरनं न विचारता सांगितलं. भीमराज क्षणभर थांबला. मग त्यानं शेरा मारला : ‘ऑपरेशन अटळ. मुक्काम कमी करता आला असता.’

हा भीमराज बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला तो या सहादूनं विहिरी खणल्या म्हणून. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

प्रिंटर बराच वेळ करकरला आणि दोन्ही कडांना भोकं असलेला रुंद कागद बाहेर आला. भीमराजनं तो घरी नेला, आणि यशोधरानं पाहिला तर आपली धडगत नाही हे घरात पाऊल टाकताच त्याच्या ध्यानात आलं. तिनं फळीवर अंथरायला क्लासातून आलेल्या अशा रद्दी कागदांचा गठ्ठा कपाटावर ठेवला होता. त्यात त्यानं तो पालथा सरकवून दिला. कोरी बाजू वर. एवढं डोकं त्यानं कचेरीत चालवलं असतं तर हेडक्लार्क झाला असता.

पुढे दीड महिन्यानं सहादू चष्मा न्यायला आला. बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा लागला आणि म्हातारा लहान मूल झाला. साक्षरतेच्या वर्गात वयाच्या पन्नाशीला तो वाचायला शिकला होता, आणि तेव्हापासून दिसेल ते मोठ्यानं वाचायचा. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, काहीही. मध्ये दोन वर्षं मोतीबिंदूनं हे सुख हिरावलं होतं. आता नगरमध्ये दोन दिवसांत त्यानं सावेडीतली एक पाटी सोडली नाही.

रविवारी सकाळी भीमराजनं त्याला लुनावरून स्टँडवर नेलं आणि दहाच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना सहादू खिडकीवरचं ‘हात बाहेर काढू नये’ वाचून दाखवत होता. भीमराज घरी आला. महिन्याचा नवा तक्ता करायचा होता, जुना समोर हवा, म्हणून त्यानं कपाटावरचा गठ्ठा काढला. तो उलटा केला, सुलटा केला, एकेक कागद झटकला.

“काय शोधताय?” यशोधरानं विचारलं.

“इथं एक कागद होता. पालथा.”

“कोराच होता की. त्यात भाऊजींच्या भाकरी बांधल्या. बाजरीच्या चार, शेंगदाण्याची चटणी आणि वर कांदा. जाड आहे हो कागद, तेल फुटत नाही.”

भीमराज कॉटवर बसला. सहादू म्हणजे कसला माणूस हे त्याला नव्यानं आठवलं. साडूच्या घरी ‘आणखी भाकरी वाढू का’ असं विचारलं म्हणून तो नऊ वर्षं त्या घरची पायरी चढला नव्हता. वाढायची असली की माणूस विचारत नाही, वाढतो, असं त्याचं म्हणणं. आणि इथे तर भाकरीचा दर लावला होता, विडीसकट. वर शेरा होता. भाकरी संपली की तो कागद झटकणार, नवा चष्मा पुसणार आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करणार. आईबाप कधीच गेलेले. थोरला भाऊ या घरी यायचा बंद झाला तर गावाकडे आपलं म्हणावं असं कोण उरणार होतं? 

त्यानं यशोधराला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, “माझ्या माहेरच्यांचा पण दर काढलाय का?”

“त्यांचा पुढच्या महिन्यात होता,” भीमराज खरं बोलून गेला, आणि पिशवीही न घेता निघाला.

बाराच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली नाही. दांड्याला लोंबकळत त्यानं सबबी जुळवल्या. तो तक्ता दुसऱ्या भिंगारदिव्यांचा आहे. तो सायलीनं गंमत म्हणून केला. तो सरकारी नमुना आहे. शेवगाव येईपर्यंत एकही सबब उभी राहिली नाही. पुढे टेम्पोच्या मागच्या फळीवर कोबीच्या गोण्यांत बसून तो गावात उतरला तेव्हा साडेतीन वाजले होते.

समाजमंदिराच्या ओट्यावर दहाबारा माणसं बसली होती. मधे सहादू, मांडीवर तोच कागद, त्यावर चटणीचा लाल डाग. काकासाहेब शेजारी, गोजरबाई पायरीवर. भीमराज खांबाआड थांबला.

“का-का-साहेब,” सहादू बोटानं ओळ धरून वाचत होता. “चहा नऊ. जेवनं चार. शे-रा. वकील बदलावा.”

ओट्यावर कुजबुज झाली. काकासाहेब ताठ बसला. “मी दोन वर्सं काय बोंबलतोय? वकील खातोय मला. कॉम्प्युटरला बी कळलं ते.”

“मशीन खोटं बोलत न्हाई,” कोणीतरी म्हणालं.

“माझं वाच,” गोजरबाई म्हणाली. वाचून झालं तशी ती गंभीर झाली. “साखर जास्त व्हय? दवाखान्यात रगात काढलं, पैसं घेतलं, तरी कुनी सांगितलं न्हाई. हितं चहावरनं वळखलं बघा.”

कॉम्प्युटर माणसाचं नाव घेतलं की त्याचं भलंबुरं सांगतो, असं गावानं ठरवून टाकलं होतं. भीमराजचा जीव अर्धा खाली आला. राहिलेला अर्धा दहाव्या ओळीपाशी अडकून होता.

“अन् तुझं रं, सहादू?” काकासाहेबानं विचारलं.

सहादूनं वाचलं. ऑपरेशन वाचलं, अंडी वाचली, केळी वाचली, तीनशे तेवीस रुपये पंचवीस पैसे तर दोनदा वाचले आणि सगळ्यांकडे बघितलं. “एका मान्सावर,” तो म्हणाला.

“अन् शेरा?”

सहादूनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि कागदाची घडी घातली. “डोळं दुखाया लागलं. नवा चष्मा हाय, अजून सराव न्हाई.”

तेवढ्यात त्याला खांबाआडचा भाऊ दिसला.  “आलास व्हय? चल घरी,” एवढंच तो म्हणाला.

घरी भागिरथी वहिनीनं चुलीवर पिठलं टाकलं आणि विचारल्याशिवाय तीन भाकरी वाढल्या. भीमराज खाली मान घालून जेवला. मनात भाकरी मोजल्या जात होत्या. तिसरीला त्यानं स्वतःला दटावून थांबवलं. त्याला लाज वाटत होती, आणि पिठलं फार चांगलं झालं होतं म्हणून ती आणखी वाटत होती.

वहिनी पाण्याला गेली तसा सहादूनं कागद काढून दोघांच्या मधे ठेवला.

“समदी म्हनत्यात शेरा मशीन लिव्हतं,” तो म्हणाला. “लिव्हू दे. पर मी तुझी चौथीची पाटी बघितलीय, भीमराज. तवाबी तू दुसऱ्याच्या गणिताखाली कायतरी लिव्हायचास.”

“दादा, चुकलं माझं.”

“चुकलंच हाय.” सहादूनं जाड भिंगांतून त्याच्याकडं बघितलं. “तेहेतीस चहा लिव्हल्यात तू. म्या चव्वेचाळीस पिलो. तू कचेरीत गेला की यशोधरा दुपारी एक जास्तीचा द्यायची, आल्याचा. त्यो कुठं हाय ह्यात? लिव्हायचं तर खरं लिव्हावं. अर्धवट हिशेब चांगला न्हाई.”

 भीमराजनं मान हलवली आणि नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं सायलीसमोर तक्ता उघडला. चहाच्या रकान्यात तेहेतीस खोडून चव्वेचाळीस केले. बेरीज आपोआप वाढून तीनशे सदतीस झाली. शेऱ्याचा अख्खा रकाना काढून टाकायचं तो घरून ठरवून आला होता. पण एकोणीस वर्षांची सवय, हात धजेना. मग त्यानं नऊ जणांचे शेरे पुसले आणि दहावा बदलला : ‘मुक्काम कमी पडला.’

“काका, हे हिशेबात कसं बसतं?” सायलीनं विचारलं.

“बसत नाही. छाप तू,” भीमराज म्हणाला.

तो कागद त्यानं पोस्टानं गावी पाठवला. आठवड्याभरात काकासाहेब नवा वकील शोधायला नगरला आला, सोबत आणखी दोघं होते. त्यांना आपापल्या कामावर कॉम्प्युटरचा शेरा हवा होता. एकाला म्हैस घ्यायची होती. यशोधरानं भांडं भरून चहा ठेवला. फ्रिज आता बहुधा महेंद्रच्या लग्नातच येणार, असं भीमराजनं मनाशी धरलं.

काकासाहेबानं खिशातून पोस्टानं गेलेला तोच कागद काढून दिला. सहादूनं परत पाठवला होता. प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीची खूण होती, आणि शेऱ्याच्या रकान्याखाली साक्षरतेच्या वर्गातलं ते मोठं, वाकडं अक्षर : ‘हिशेब तपासला. बरोबर हाय. थंडी पडली की डावा डोळा. मुक्काम पंधरा दिवस धरावा.’

भीमराजनं तो यशोधराला वाचून दाखवला, अगदी सहादूसारखा, बोटानं ओळ धरून.

“साठ चहा धरा,” ती आतून म्हणाली. “आणि अंडी दोन डझन.”