एका पानाचे बारा हजार

वाउटर ब्रोंकहॉर्स्टच्या वाढदिवसाला मी दर वर्षी जाते. काम्पेन या डच गावात आमची घरं एकाच ओळीत आहेत आणि आता इतकी वर्षं झाली, की मला बोलावणं करावं लागत नाही. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. आल्यावर सगळ्यांशी हात मिळवायचा आणि सगळ्यांचंच अभिनंदन करायचं. ज्याचा वाढदिवस त्याचं, त्याच्या मुलांचं, भावाचं, शेजाऱ्यांचंसुद्धा. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. दुसरा कुणी मागत नाही.

त्या वर्षी वाउटरची मुलगी योरिंडा केक वाढत होती. अठ्ठावीस वर्षांची. उंच, खांद्यात जराशी वाकलेली. तिने जवळच्या झ्वोले शहरात चार वर्षं व्यावसायिक संवादाची पदवी केली होती. कंपनीने गिऱ्हाइकांशी आणि कामगारांशी कसं बोलावं, काय लिहावं, याचं ते शिक्षण. पदवी हातात आली त्याच शरद ऋतूत तिची आई गेली. मग ती बापाकडे माळ्यावरच्या खोलीत परत आली आणि गोठ्यांचे पंखे बनवणाऱ्या एका कारखान्यात माहितीपत्रकं लिहायला लागली. आईनंतर ती कधी रडलेली मी पाहिली नाही, आणि हसलेलीही फारशी नाही. विचारलं की "ठीक आहे" म्हणायची, आणि खरंच तेवढंच असायचं.

तिला एकच गोष्ट हवी होती. कुंपणापलीकडचं तेरप्स्ट्राबाईंचं घर. बाई वृद्धाश्रमात जाणार होत्या. घर लहान, स्वयंपाकघर जुनं, पण दार स्वतःचं असतं, आणि बाप कुंपणापलीकडे हाकेवर. मागितलेली किंमत एक लाख पंच्याण्णव हजार युरो.

ती बँकेच्या सल्लागाराकडे जाऊन आली होती. इथे शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज बँकेच्या यादीत दिसत नाही. ते आहे का, हे बँक तोंडी विचारते. असेल तर घराला मिळणारी रक्कम बरीच खाली येते. पुष्कळ जण 'नाही' म्हणतात. प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी असतो. योरिंडाचं कर्ज चौतीस हजारांचं होतं. सल्लागाराने विचारलं, आणि ती म्हणाली, "आहे."

बँक देणार होती त्या एक लाख पंच्याण्णव हजारांचे एक लाख चाळीस झाले.

"चार वर्षं बोलायला शिकलीस," वाउटरचा भाऊ एव्हर्ट म्हणाला, "आणि गप्प बसायला कुणी शिकवलं नाही तुला?"

सगळे हसले. योरिंडाने त्याच्या बशीत केक ठेवला.

"विचारलं त्याने, काका."

"अगं, विचारणारच! पगार घेतो तो त्याचा. उत्तर द्यायचे तुला कोण पैसे देतं?"

एव्हर्ट जन्मभर लाकडाच्या वखारीत होता. त्याला प्रत्येक गोष्टीचा भाव काढायची खोड आहे. बोटांवर मोजत तो मोठ्याने हिशेब करायला लागला. "न शिकलेल्या पोरीपेक्षा तुला महिन्याला किती जास्त मिळतात? दोनशे? त्यातले शंभर कर्जाच्या हप्त्यात. चार वर्षं कमाई नाही ती वेगळी. हार्मेन सोळाव्या वर्षी छपरावर चढला. त्याची बरोबरी करायला तुला..." तो थांबला. "पन्नाशी उजाडेल, पोरी. आणि घर तेव्हा कुणाचं असेल?"

"एव्हर्ट, कॉफी पी," वाउटर म्हणाला.

हार्मेन, तिचा मोठा भाऊ आणि हिल्डेचा नवरा, कौलारू छपरांची कामं घेतो. स्वतःची गाडी आहे, हाताखाली दोन माणसं आहेत, आणि कर्ज एका पैशाचं नाही. त्या दिवशी त्याने नुसता केक संपवला. पण आठवड्याने तो माळ्यावर तिच्या खोलीत गेला. हे तिने मला कपडे वाळत घालताना सांगितलं.

"तुला तर ते घर जमणार नाही," तो म्हणाला. "मग मी आणि हिल्डे बोली लावू का? परक्याच्या हातात जाण्यापेक्षा बरं."

"लाव."

"राग येणार नाही ना?"

"नाही."

"बोलीबरोबर पत्र जोडतात हल्ली. आपण कोण, घर का हवंय, असं. मला लिहिता येत नाही, ठाऊक आहे तुला. तू देशील?"

"देते," ती म्हणाली.

मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं गं?"

तिने चिमटा लावला. "वाटायला हवं होतं बहुतेक."

पत्र तिने मला वाचून दाखवलं. एक पान. जिन्याची तिसरी पायरी वाजते, ती चुकवून पाय कसा टाकायचा. मागच्या झाडाची नासपती कच्ची खाता येत नाही, पण दालचिनी घालून दुपारभर मंद शिजवली की लाल होते. तेरप्स्ट्राबाई ती वाडग्यात घालून कुंपणावरून द्यायच्या, आणि ते वाडगं रिकामं परत करायचं नाही, असा घरचा नियम होता. कधी चार अंडी, कधी पावाचा तुकडा. शेवटी लिहिलं होतं, "हे वाडगं यापुढेही याच कुंपणावरून जावं, एवढीच इच्छा." खाली सही म्हणून फक्त 'शेजारचे ब्रोंकहॉर्स्ट'.

लहानपणी ते वाडगं हार्मेनने एकदाही नेलेलं नव्हतं. ते मलाही ठाऊक होतं, पण मी बोलले नाही. पत्र चांगलं होतं.

बाईंना कमी दिसतं. दलालाने बोल्या आणि पत्रं त्यांना वाचून दाखवली. हार्मेनच्या बोलीपेक्षा बारा हजारांनी मोठी एक बोली होती, तरी बाईंनी ब्रोंकहॉर्स्टांना घर दिलं.

जानेवारीत हार्मेनचा वाढदिवस त्याच घरात झाला. भिंतींना नवा रंग होता, खुर्च्या पुन्हा गोल. तेरप्स्ट्राबाईंना आश्रमातून गाडीने आणलं होतं. त्या त्यांच्याच जुन्या खिडकीपाशी पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. योरिंडा वाउटरशेजारी बसली होती.

एव्हर्टला बारा हजारांची गोष्ट कळलेली होती. "घ्या!" तो म्हणाला. "मी उगाच म्हणत होतो. एका पानाचे बारा हजार! कोण म्हणतं पदवी फुकट गेली?"

"पण खिसा हार्मेनचा," हिल्डे हसत म्हणाली.

"ते तर आहेच. शिक्षण एकीचं, पैसे दुसऱ्याचे. सरकारसुद्धा असंच चालतं."

हसण्यात तेरप्स्ट्राबाईंनी मान वर केली. "योरिंडा कुठाय?"

"इथे आहे मी, बाई."

"तुझी खोली कुठली? मागची, झाडाकडची?"

कुणाला काही समजेना. योरिंडा म्हणाली, "मी इथे राहत नाही. बाबांकडेच आहे. घर हार्मेनचं आहे."

"सही करायला तो आला, तेव्हा वाटलं, तुझ्यातर्फे आला असेल," बाई म्हणाल्या. "वाडगं तूच आणायचीस. हा तर कधी पाय पुसूनसुद्धा आत आला नाही." मग जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तू राहणार."

हार्मेनची मान लाल झाली. वाउटर आपल्या हातांकडे बघत होता. योरिंडाने बाईंच्या मांडीवरून घसरलेला रुमाल उचलून परत ठेवला.

"नासपती हिल्डे देईल मला," ती म्हणाली. "कुंपणावरून."

"आणखी कॉफी कुणाला?" हिल्डेने विचारलं, आणि सगळ्यांनी कप पुढे केले.

निघताना दारात हार्मेनने तिला थांबवलं. मी कोट चढवत होते.

"योरिंडा, पत्राचे किती द्यायचे तुला? मी विचारायलाच विसरलो."

"असू दे."

"नाही, सांग. तुझं काम आहे ते. फुकट मी कुणाचं छप्पर करत नाही."

तिने थोडा विचार केला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. रडेल, निदान दार आपटेल. ती म्हणाली, "दोन तास लागले. पन्नासचा दर धर."

त्याने तिथेच फोन काढून शंभर युरो पाठवले. तिचा फोन खिशात वाजला. तिने तो काढून बघितला नाही.

त्या महिन्यात तिने कर्जाचे दोन हप्ते भरले.

रविवारी मी कधीकधी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जाऊन बसते. माझा देव घरी कोनाड्यात आहे, पण तिथेही मला हात जोडायला अवघड जात नाही. प्रवचन सुरू झालं की वाउटर खिशातून पेपरमिंटची गुंडाळी काढतो आणि ती बाकावरून पुढे जाते. हार्मेनने एक घेतली, हिल्डेने घेतली, मग योरिंडाने. तिने ती माझ्याकडे दिली आणि समोर बघत राहिली.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तिच्या माळ्यावरची खिडकी मला दिसते. मी तिचं नाव घेते. तिच्यासाठी मागायचं काय, ते मला अजून सुचलेलं नाही.